पळसदरीच्या बंगल्यात तीन गाणी

गजाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, हे आधी त्याच्या बायकोच्या, प्रियाच्या लक्षात आलं. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून ती शेजारी गेली होती. परत आली तर घरभर करपल्याचा वास, आणि गजा ओटीवर बसून ढोलकीच्या कड्या ओढत होता.

"शिट्टी झालीच नाय," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

प्रियानं त्या दिवशी वाद घातला नाही. पण पुढचे आठ दिवस तो पाठमोरा असला की ती त्याला हाक मारून बघायची. कधी हळू, कधी मोठ्यानं. मग एका रविवारी ती त्याच्या समोर येऊन बसली. "तुमच्या कानांना काय तरी झालंय. डॉक्टरला दाखवा."

"कंपनीत दिवसभर आवाज असतो. कान जरा बधीर होतात. चार दिवस सुट्टी मिळाली की बरं वाटंल."

गजा कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. पत्र्यातून गाड्यांचे सुटे भाग ठोकून काढायचं काम. मिनिटाला वीस-बावीस ठोके, अकरा वर्षं. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. पण ते घातले की मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, आणि साचा हललेला कळला नाही तर हात जातो. म्हणून गजाचे बोळे खिशातच असायचे. दरवर्षी मार्चमध्ये सगळ्यांची तपासणी व्हायची. या वेळी कागदावर काय लिहून येईल याची त्याला धास्ती होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती, आणि ती त्यानं प्रियालाही सांगितली नव्हती.

ती भीती 'खाचर'ची होती.

'खाचर' म्हणजे तिघांचा बँड. नीलेश हा गजाचा पहिलीपासूनचा मित्र. खोपोलीच्या शिळफाट्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि हातात गिटार. समीक्षा त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, कर्जतच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. गाणी तीच लिहायची आणि तीच गायची. गजा ढोलकी वाजवायचा, शिवाय पायाशी एक ढोल आणि एक झांज. सहा वर्षं तिघांनी हळदी केल्या, गणपती केले, कॉलेजची गॅदरिंगं केली. लोक दुसऱ्यांची गाणी मागायचे आणि ते ती वाजवायचे. मग पंगत बसली, कुणाचं लक्ष नसलं, की हळूच आपलं एखादं गाणं मध्ये घालायचे.

त्या जानेवारीत समीक्षानंच विषय काढला. "चार गाणी आपली आहेत. ती कुठंतरी नीट उतरवून ठेवू या. नाहीतर आपण म्हातारे होऊ आणि ती कुणीच ऐकलेली नसतील."

नीलेशनं मुंबईत एका स्टुडिओला फोन करून एका दिवसाचं भाडं विचारलं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ एक फुटलेला स्क्रीन पुसत राहिला. मग म्हणाला, "पळसदरीचा बंगला विचारून बघतो."

हा बंगला शनिवार-रविवारी पाहुण्यांना भाड्यानं जायचा. मधले दिवस रिकामा. नीलेशनं तिथं सीसीटीव्ही कॅमेरे बसवले होते आणि त्याचं निम्मं बिल अजून यायचं होतं. बिल सोडून द्यायच्या बोलीवर मालकानं मंगळवार-बुधवार दिले. बदलापूरची हर्षला नावाची मुलगी नाटकांना, छोट्या फिल्मना आवाजाचं काम करायची. ती आपले माइक आणि लॅपटॉप घेऊन परवडेल अशा पैशात यायला तयार झाली. पण दोनच दिवस. गुरुवारी तिचं पुण्याला काम होतं.

"दोन दिवसांत चार गाणी," नीलेश म्हणाला. "तालीम पक्की पाहिजे. गजा, जमंल ना?"

"जमंल की," गजा म्हणाला.

कार्यक्रमात त्याचं निभत होतं. तो नीलेशच्या पायाकडे बघायचा, समीक्षाच्या ओठांकडे बघायचा. ढोलकीची थाप मांडीत उतरायची. सहा वर्षांची गाणी हातांना पाठ होती. पण रेकॉर्डिंगला प्रत्येक जण वेगळ्या खोलीत बसतो आणि कानांना हेडफोन लावतो, एवढं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

मंगळवारी सकाळी आठला सामानाचा टेंपो बंगल्यावर पोचला. बंगल्याची देखभाल जनी करायची. वरच्या ठाकूरवाडीतली, चाळिशीची, कमी बोलणारी बाई. हर्षलानं सगळ्या खोल्यांत फिरून टाळ्या वाजवल्या आणि तोंड वाकडं केलं. "फरशी आणि काच. सगळं घुमतंय."

"गाद्या हायेत," जनी म्हणाली. "बावीस."

मग तासभर पाहुण्यांच्या गाद्या भिंतींना उभ्या करण्याचं काम चाललं. खिडक्यांना चादरी बांधल्या. जनीनं न सांगताच फ्रिज बंद केला आणि पाण्याची मोटर दुपारपर्यंत लावणार नाही म्हणाली. गाड्यांचं काय, असं हर्षलानं विचारलं, तेव्हा तिनं खोपोलीच्या लोकलच्या वेळा बोटांवर सांगितल्या. "मालगाडीचा नेम नाय. ती आली की थांबा. घाट चढायचा असतो तिला, वेळ लागतो."

गजाला आतल्या खोलीत बसवलं. नीलेश दुसऱ्या खोलीत, समीक्षा जिन्याखालच्या कोनाड्यात तीन गाद्यांच्या मध्ये. हर्षला दिवाणखान्यात लॅपटॉपसमोर. गजाच्या खोलीचं दार बंद झालं आणि समोर फक्त निळ्या पट्ट्यांची गादी राहिली.

"गजादादा, आधी चार टिक येतील, मग तुम्ही सुरू करा," हेडफोनमधून हर्षलाचा आवाज आला. "ती टिक-टिक गाणं संपेपर्यंत चालू राहील. तिला धरून वाजवा. म्हणजे सगळ्यांचं एकावर एक बसेल."

गजा वाट बघत राहिला. त्याच्या कानात काहीच वाजलं नाही.

"दादा, गेले की चार."

"हां, परत लावा."

दुसऱ्या वेळी त्यानं अंदाजानं सुरुवात केली. गाणं बांधावरून चालण्याचं होतं, समीक्षानं तिच्या आजोळच्या शेतावर लिहिलेलं.

*बांधावरून चालताना*
*मागं वळून बघू नको,*
*माझी पावलं येतायत*
*तुझी पावलं मोजत.*

गिटार त्याला लांबून ऐकू येत होती, विहिरीत बोलल्यासारखी. तो तिला धरायला गेला आणि हर्षलानं थांबवलं. पुन्हा. पुन्हा थांबवलं. चौथ्या वेळी त्यानं सांगितलं, "तो टिक जरा मोठा करा." तिनं केला. "अजून." तिनं अजून केला. सहाव्या वेळी ढोलकी पहिल्या कडव्यातच गाण्याच्या पुढे पळाली. त्यात मालगाडी आली, आणि सगळ्यांना पंधरा मिनिटं गप्प बसावं लागलं.

नवव्या वेळेनंतर नीलेश खोलीबाहेर आला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला वेळ पळताना दिसत होता. "गजा, काय चाललंय? हे गाणं तू झोपेत वाजवतोस. घरी हातात तरी घेतलीस का ढोलकी?"

गजा हसला.

"हसतोस काय?"

"परत घेऊ," गजा म्हणाला.

"परत परत घेऊन दिवस जाईल. हर्षला, लॅपटॉपमध्ये तयार ताल असतात ना? आज तो लावू, आमी दोघं उरकून घेतो. ढोलकी नंतर वरून टाकू. नायतर नाय टाकली तरी..." तो तिथंच थांबला. पण पुढचं सगळ्यांना कळलं होतं.

समीक्षा म्हणाली, "नीलेश, जेवून घेऊ आधी."

गजा जेवायला बसला नाही. पोट ठीक नाही म्हणून तो मागच्या पडवीत गेला. जनी तिथं वालाचे दाणे सोलत बसली होती. तो पायरीवर टेकला. ती काहीतरी बोलली असावी, कारण थोड्या वेळानं ती उठून त्याच्या समोर येऊन बसली, सूप मांडीवर घेऊन.

"मागून दोनदा विचारलं, पानी देऊ का," ती म्हणाली. "तुमाला आलं नाय ऐकू."

गजा हसला.

"माझा बाप असाच हसायचा," जनी म्हणाली. तिनं नजर वालावरच ठेवली होती. "खडीच्या खाणीवर होता, नामा नाव त्याचं. लोक काय बोलतात ते कळायचं नाय, मग आधीच हसून घ्यायचा. वाडीत सगळे म्हणायचे, नामा लय आनंदी मानूस. आमाला घरच्यांना पन म्हाईत नवतं. आई बोलून बोलून थकायची, त्याचं लक्ष नाय म्हनून रडायची. मरायच्या आदल्या वर्षी त्यानं सांगितलं, मला दहा वर्षं झाली काय ऐकू येत नाय."

"मंग आई काय म्हणाली?"

"आई म्हनाली, आधी सांगितलं असतंस तर मी समोर बसून बोलले असते."

गजानं सुपातली एक बी उचलली आणि तिचं साल काढत राहिला. मग त्यानं या परक्या बाईला सगळं सांगितलं. कुकरचं, प्रेसचं, मार्चच्या तपासणीचं. आणि शेवटी ती दुसरी भीती. ढोलकी वाजवणारा ऐकू न येणारा माणूस कुणी ठेवेल का? नीलेश ठेवेल, मैत्रीखातर ठेवेल. पण मग तो दर गाण्याला आपल्याकडे बघत राहील, आता चुकतो का मग चुकतो. तसं वाजवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

जनीनं ऐकून घेतलं. सल्ला काही दिला नाही. "पेज हाय," ती म्हणाली. "पोट ठीक नसलं तरी चालंल." तिनं वाटी भरून आणली आणि तो प्यायला.

इकडे गजा उठून गेल्यावर हर्षलानं आपलं ताट बाजूला ठेवलं होतं आणि त्याच्या खोलीत जाऊन त्याचे हेडफोन कानांना लावले होते. टिक-टिक चालूच होती. तिनं ते झटकन ओढून काढले, इतकी ती मोठी होती. कान दुखले तिचे.

गजा परत आला तेव्हा ती माइक सरकवत होती. "दादा, मी आवाज बदललाय," ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली, सावकाश. "तो टिक फार वरचा असतो. तुम्हाला खालचा लावलाय. ऐकून बघा."

त्यानं हेडफोन चढवले. दुम, दुम, दुम, दुम. शेजारच्या गल्लीत कुणी उखळात कांडावं तसा जाड, गोल ठोका. तो त्याच्या कानात आला आणि तिथून छातीत उतरला. गजाचे हात आपोआप ढोलकीवर गेले.

ते गाणं त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवलं. दुसऱ्या कडव्यानंतर येणारी त्याची आवडती, ठेका फिरवणारी पलटी, जी तो सकाळपासून घाबरून टाळत होता, तीही घेतली. शेवटची थाप विरली. मग नीलेशच्या खोलीतून आवाज आला, "हेच पाहिजे होतं रं."

गजानं हेडफोन काढून ठेवले आणि तो दिवाणखान्यात आला. "सगळ्यांनी जरा इथं या," तो म्हणाला. "मला सांगायचंय."

सांगायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. समीक्षा जिन्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "गजादा, मला वाटायचं तुला माझा राग आहे. मी तुझ्या डाव्या बाजूला उभी राहून इतक्यांदा काही काही बोलायचे, तू उत्तरच द्यायचा नाहीस. गेल्या वर्षी त्या चौक गावच्या हळदीत मी रडले होते त्यावरून."

"मला नाय कळलं गं."

"ते आता कळलं."

नीलेश गिटारची एक खुंटी उगाच पिळत होता. मग बाहेर गेला. खिडकीच्या चादरीआडून तो अंगणातल्या आंब्याखाली उभा दिसत होता. थोड्या वेळानं आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"मला का नाय सांगितलंस?"

"तू बघत राहिला असतास माझ्याकडं."

"तसाही बघतोच," नीलेश म्हणाला. "सहा वर्षं काय दुसरीकडं बघतोय? मी कुठं चुकलो की तुझ्या तोंडावर दिसतं. त्यावरच माझं चालतं." मग म्हणाला, "मघाशी बोललो ते... दे सोडून."

"दिलं."

संध्याकाळपर्यंत एकच गाणं झालं होतं. उरली होती तीन आणि एक दिवस. हर्षलानं हिशेब मांडला: वेगवेगळ्या खोल्यांत बसून तीन व्हायची नाहीत. सगळे एकत्र बसलात, एकमेकांसमोर, तर दोन नक्की होतील. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरेल. कुणी एक चुकला तर सगळं पहिल्यापासून. टिक नाही, दुम नाही, हेडफोनही नाहीत.

"म्हणजे हळदीसारखंच," समीक्षा म्हणाली.

"पंगत नाय एवढंच," गजा म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा सगळे हसले.

बुधवारी सकाळी गाद्या दिवाणखान्यात गोल उभ्या केल्या आणि तिघं मध्ये बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. गजाच्या समोर समीक्षा, उजवीकडे नीलेश, त्याचा पाय गजाला दिसेल असा. दुसरं गाणं आठ वेळा घ्यावं लागलं. तीनदा नीलेश चुकला, दोनदा समीक्षाला ठसका लागला, एकदा दारात कुत्रं भुंकलं. गजा एकदाच चुकला, आणि त्यानं आपणहून हात वर केला. तिसरं गाणं दुपारी चौथ्या वेळी जमलं. त्याच्या शेवटाला लांबून लोकल आली, आणि समीक्षानं शेवटचा सूर तिच्यावरच सोडून दिला. हर्षला म्हणाली, हे मी कापणार नाही.

चौथं गाणं राहिलं. पाचला हर्षलाला निघायचं होतं. नीलेशनं घड्याळ बघितलं, आणि कुणी हट्ट केला नाही.

निघायच्या आधी तिनं तिन्ही गाणी लावली. दोनच चांगले हेडफोन होते. एक नीलेशनं घेतला, एक गजाला दिला. पहिलं गाणं अर्ध्यावर आल्यावर गजानं विचारलं, "यात मला येत नाय असं काय काय हाय?"

नीलेशला आधी प्रश्न कळला नाही. कळला तेव्हा त्यानं गाणं पहिल्यापासून लावलं आणि गजाच्या मनगटावर हात ठेवला. तो तसा फार बोलणारा नव्हता. पण त्या दिवशी तो गाणं संपेपर्यंत बोलत होता, आपल्या कानातला हेडफोन एका बाजूनं सरकवून, गजाला आपलं तोंड दिसेल असा.

"आता तारेवर माझं बोट घसरलं, त्याची बारीक किर्र झाली. हां, इथं समीक्षानं श्वास घेतला. 'पावलं'मधला ल ती जिभेनं नुसता टेकवते, छान वाटतं. आता तुझी झांज. एकदाच वाजली, पण लय वेळ राहिलीय, अजून हाय, अजून हाय... आता गेली. इथं बाहेर कसलातरी पक्षी हाय. हर्षलाला कळलेलं नाय वाटतं. तीन वेळा बोलला. आता परत समीक्षा. 'मोजत' म्हणताना आवाज थोडा फाटलाय. मुद्दाम नाय, पण राहू दे. चांगलं वाटतंय."

प्रत्येक ठिकाणी तो मनगट हलकंसं दाबायचा. गजा डोळे मिटून ऐकत होता, मग त्याच्या लक्षात आलं की डोळे मिटले तर नीलेश काय बोलतो ते कळत नाही. त्यानं डोळे उघडले आणि तो मित्राच्या तोंडाकडे बघत राहिला. समीक्षा एक गादी उचलून आत ठेवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या आठवड्यात प्रिया त्याला पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बंद खोलीत बसवून तपासलं आणि एक आलेख काढून दिला. डावीकडून रेष सरळ येत होती आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवून सांगितलं की खालचे आवाज जागेवर आहेत, वरचे गेले ते परत येणार नाहीत, आणि आता उरलंय ते सांभाळायचं. कानाला मशीन लावून बोलणं जास्त स्पष्ट कळेल. प्रियानं कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. गाडीवर बसल्यावर ती मागून काहीतरी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. तिनं त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरून समोर आली आणि तेच पुन्हा म्हणाली. ती एवढंच म्हणत होती, की जाताना भाजी घ्यायची आहे.

मार्चची वाट न बघता गजा तो आलेख घेऊन स्वतःच कंपनीत साहेबांकडे गेला. त्याला प्रेसवरून काढून माल पाठवायच्या खात्यात टाकलं. ओव्हरटाइम गेला, चार पैसे कमी झाले. प्रेसवर त्याच्या जागी जगदीश म्हणून दोन पोरांचा बाप आला. त्याला गजानं पहिल्याच दिवशी बोळे खिशातून काढून कानात घालायला लावले आणि साचा हलला तर हाताच्या तळव्याला कसं कळतं ते शिकवलं.

तीन गाणी एप्रिलमध्ये लोकांसमोर आली. महिनाभरात साडेचारशे जणांनी ऐकली, त्यातले निम्मे तरी कर्जत-खालापुरातले असावेत. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं, की गाण्यात तो पक्षी कोणता, मुलगी रोज विचारते. तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. समीक्षानं जनीला फोन करून विचारलं आणि तांबट म्हणून उत्तर कळवलं.

चौथ्या गाण्यासाठी पुढच्या हिवाळ्यात हर्षला पुन्हा यायचं म्हणाली आहे. तोवर दर रविवारी सकाळी नीलेशच्या दुकानात तालीम असते. मध्यंतरी समीक्षानं एक नवं गाणं आणलं. सुरुवात करण्याआधी ती म्हणाली, "हे मी दोन सूर खाली घेते. म्हणजे तुला सगळं येईल."

तिनं खाली घेऊन म्हणून दाखवलं. आवाज पोचत होता, पण तिच्या गळ्याला ते जड जात होतं. गजानं पहिलं कडवं होऊ दिलं आणि हात वर केला.

"तुझा आवाज जिथं हाय तिथंच गा," तो म्हणाला. "मला कमी आलं तर मी बघून घेईन."

त्यानं स्टूल तिच्या समोर सरकवलं, आणि ती वरच्या सुरात गायला लागली.